गिअरचा दांडा आपोआप का हलतो?

मुंबईहून नाशिककडे परतणारी गाडी कसारा घाटात शिरते. पुढे मालाने भरलेला ट्रक. दुसरा गिअर पडतो, ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि गिअरचा दांडा किंचित एका बाजूला कलतो. पाय उचलला की पुन्हा जागेवर. दांड्याला कुणी हातही लावलेला नसतो! नवी गाडी घेतलेल्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते. लाखो रुपये मोजले आणि गिअर ढिला?

बहुतेक वेळा तो ढिला नसतो. ज्यांनी ड्रिल मशिन वापरलंय त्यांना हा हिसका ओळखीचा आहे. बटण दाबलं की ड्रिल एका दिशेने फिरतं आणि मशिन मनगटाला उलट दिशेने पीळ देतं. गाडीचं इंजिन चाकं फिरवायला जोर लावतं, तेव्हा तसाच उलटा पीळ त्याच्या स्वतःच्या अंगाला बसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला थेट ठोकलेले नसतात, रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात. नाहीतर धडधड थेट आसनापर्यंत आली असती. रबर दबतं, इंजिन कलतं आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्स व त्याला जोडलेला दांडाही.

नाशिकमध्येच बनणारी महिंद्रा थार घ्या. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या थारच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. पहिला गिअर हा जोर साधारण चौपट करतो असं धरलं, तर १,२०० न्यूटन-मीटर होतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १२० किलो वजन टांगावं, इतका हा पीळ. तो सगळा माउंटिंगने पेलायचा. म्हणून दांड्याची हालचाल पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठळक दिसते आणि पाचव्या-सहाव्यात जवळपास जाणवत नाही.

थार काही स्पोर्ट्स कार नाही. पण इंजिन पुढे, गाडीच्या लांबीत बसवलेलं, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स आणि जोर मागच्या चाकांकडे, ही तिची मूळ ठेवण जगातल्या कित्येक अस्सल स्पोर्ट्स कारशी जुळते. १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ त्यातलीच. तिचा आखूड दांडा थेट गिअरबॉक्समधून वर येतो, म्हणून गिअर टाकताना मनगटाची छोटीशी हालचाल पुरते आणि दात जुळल्याची खूण तळव्याला कळते. या सुखाबरोबर इंजिनाचा प्रत्येक डोलही दांड्यावर येणार, हे ओघानेच आलं. माझदाने गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शिअल ॲल्युमिनियमच्या लांब चौकटीने एकमेकांना जखडून टाकलं. गाडी इतकी नेमकी का वाटते, याचं बरंचसं उत्तर त्या चौकटीत आहे.

इंजिन आसनांच्या मागे गेलं की गोष्ट बदलते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली अवंती अशीच होती. अशा गाड्यांत दांडा आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून लांब, म्हणून मधला निरोप बहुधा केबल पोहोचवतात. दांडा गाडीच्या फरशीवर पक्का असतो, इंजिन मागे कितीही डोलो. दांडा शांत राहतो, पण ती थेट खूणही थोडी बोथट होते.

हालचालीचं आणखी एक बारीक कारण गिअरबॉक्सच्या पोटात आहे. आतल्या चक्रांचे दात तिरपे असतात. जोर दिला की ती एका बाजूला रेटली जातात, पाय उचलला की दुसऱ्या बाजूला. सरक अगदी केसाएवढी, पण लांब दांड्याच्या टोकाशी ती वाढून दिसते.

मग काळजी कधी करायची? पाय उचलताच ‘ठक्’ असा आवाज आणि दांड्याला जोरात हिसका असेल, तर माउंटिंग फाटलंय का ते मेकॅनिककडून बघून घ्यावं. गाडी बंद असताना गिअरमध्ये ठेवलेला दांडा चमच्यासारखा फिरत असेल, तर बहुधा दांड्याच्या सांध्यातला बुश गेलेला असतो, आणि तो तुलनेने स्वस्तातला इलाज आहे. गिअर स्वतःहून उडून न्यूट्रलमध्ये येत असेल, तर मात्र गाडी घाटात नेऊच नये.

आणि डोलणारा दांडा थांबवायला त्यावर हात टेकून बसण्याची सवय लगेच सोडावी. दांड्याच्या खालच्या टोकाशी जोडलेला फोर्क स्थिर असतो आणि तो ज्या कड्याला धरतो ते गाडीबरोबर सतत फिरत असतं. वरून हाताचा भार पडला की फोर्क त्या फिरत्या कड्यावर घासत राहतो. इगतपुरी येईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि दांड्याला त्याच्या लयीत डोलू द्यावं.