विरळ वस्तीचे शेजारी

अमेरिकेत वायोमिंग नावाचे एक राज्य आहे. आकाराने ते महाराष्ट्राहून थोडेसेच लहान. पण २०२० च्या शिरगणतीत तेथे माणसे भरली अवघी ५,७६,८५१. आमच्या भंडारा जिल्ह्यात २०११ सालीच १२,००,३३४ लोक होते! म्हणजे त्या अफाट राज्यात आमच्या एका जिल्ह्याच्या निम्मीही वस्ती नाही.

परंतु विरळ वस्ती पाहण्यासाठी इतक्या दूर जायला नको. भंडाऱ्यावरून वाहणारी वैनगंगा पवनी ओलांडून खाली उतरली की गडचिरोली जिल्ह्याला भिडते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा, भंडाऱ्याच्या तिपटीहून मोठा. २०११ ची लोकसंख्या मात्र १०,७२,९४२. चौरस किलोमीटरमागे मुंबई उपनगरात वीस हजारांवर माणसे, भंडाऱ्यात २९४ आणि गडचिरोलीत अवघी ७४! बाकी बहुतेक सारे रान.

म्हणून हा मुलूख ओसाड समजावा काय? मुळीच नाही. वैनगंगेकाठी मार्कंड्याची कोरीव देवळे आहेत. हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. आणि मौज अशी की, थोडकी माणसे कधी कधी मोठ्यांच्या आधी पाऊल टाकतात. वायोमिंगने स्त्रियांना मताचा हक्क दिला १८६९ साली. तेव्हा त्याला राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. इकडे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्याशा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून गावचा बांबू ग्रामसभाच विकू लागली. या ग्रामसभेत निर्णय होतो तो बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने.

राज्यकारभारात मात्र डोकी मोजली जातात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये चिमुकल्या वस्तीच्या वायोमिंगचे दोन सभासद, तसेच गजबजलेल्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. आपल्या विधानसभेत भंडाऱ्याचे आमदार तीन, गडचिरोलीचेही तीन. पण तिकडच्या आमदाराच्या वाट्याला तिपटीहून अधिक मुलूख येतो. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट कितीतरी पावसाळ्यांत अडवली आहे. अशा वेळी पलीकडच्या आजाऱ्याला दवाखाना किती दूर, हे शिरगणतीचा आकडा सांगत नाही. रस्ता, शाळा, दवाखाना यांचा हिशेब मांडताना माणसांबरोबर कोसही मोजायला हवेत.