नदीच्या घाणीचा मालक कोण?

नदी म्हटले की आपल्याला गोदा, कृष्णा, भीमा आठवतात. मुंबईलाही नदी आहे हे मुंबईकराला सांगावे लागते; कारण तो तिला नाला म्हणतो. तिचे नाव मिठी. लांबी अवघी अठरा किलोमीटरच्या आसपास. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८६० साली विहार तलाव बांधून झाला. त्याचे आणि पवई तलावाचे सांडव्यावरून वाहणारे पाणी मिळून ही नदी होते. साकीनाका, विमानतळाची धावपट्टी, कुर्ला आणि धारावी मागे टाकीत ती माहीमच्या खाडीतून समुद्रास मिळते.

ज्या भूमीवर पडलेला पाऊस उतरत उतरत एकाच प्रवाहात येतो, त्या साऱ्या भूमीला पाणलोट क्षेत्र म्हणतात. घराला जशी मोरी, तशी त्या भूमीला नदी. मोरीला दुर्गंधी सुटली तर आपण मोरीला शिव्या देत नाही. घरात कोणी काय ओतले ते पाहतो. नदीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो.

मिठीत येणारी घाण मुख्यतः दोन प्रकारची आहे. पहिली मैलापाण्याची. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, त्यावर मासा जगतो. मुंबईच्या हवेत एका लिटर गोड्या पाण्यात फार तर आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. मैला पाण्यात पडला की सूक्ष्म जंतू तो खाऊ लागतात आणि खाताना हा प्राणवायू संपवितात. घाणीला किती प्राणवायू लागेल, यावरून पाण्याची प्रत मोजतात. आंघोळीच्या पाण्यात ही मागणी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा आपल्या देशातील दंडक आहे. मागणी पुरवठ्याबाहेर गेली की पाणी काळे पडते, त्याला कुजका वास येतो आणि मासा मरतो. त्यात खाडीची भरती दिवसातून दोनदा ही घाण मागे लोटते, म्हणजे ओहोटीने नेलेले सारेच समुद्रात जात नाही. धारावी हे मूळचे कोळ्यांचे गाव. तेथील खाडीतली मासेमारी बुडाली ती अशी.

दुसरी घाण रसायनांची आणि तेलाची. नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये रिकामी पिंपे धुणारे कामगार आपण पाहिले असतील. हातमोजे नाहीत, पायांत गमबूट नाहीत. बोटांच्या बेचक्यांतील कातडी सोललेली. पिंपातील उरलेसुरले रसायन धुऊन नाल्यात जाते. मैला खाणारे जंतू या रसायनाने मरतात. म्हणून असले पाणी गटारात सोडले तर मैलाशुद्धीचे केंद्रही पंगू होते. दोन्ही घाणी एकत्र होऊ न देणे, हा पाणी सुधारण्याचा पहिला नियम आहे.

आजवर आपण काय केले? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने शहराला आपली आठवण करून दिली. त्याच वर्षी नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद केले, भिंती बांधल्या, गाळ उपसला. पुराच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण पाण्याच्या प्रतीच्या दृष्टीने हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे झाले. गाळ उपसला तरी वरून येणारी घाण थांबत नाही. फक्त दरवर्षी नवे कंत्राट निघते. आणि त्याच गाळाच्या कामात सुमारे पासष्ट कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून २०२५ साली पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला.

मग उपाय कोणता? घाणीचा मालक शोधणे. पिंप धुणारा मजूर हा त्या रसायनाचा मालक नव्हे. ते पिंप एखाद्या मोठ्या कारखान्यातून भंगारवाल्याकडे आलेले असते. २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक रसायनाने माखलेले रिकामे पिंप हाच घातक कचरा ठरतो आणि तो परवानाधारकाकडेच जावा लागतो. नियम आहे, त्याचा माग पिंप विकणाऱ्याच्या दारापर्यंत नेला जात नाही. नुसत्या शेडला टाळे ठोकले, तर मजुराची रोजी जाते आणि शेड पुढच्या नाल्यावर उभी राहते. त्याऐवजी धुण्याचा आणि सामायिक शुद्धीकरणाचा खर्च पिंप विकणाऱ्याकडून घ्यावा. मजुरालाही हातमोजे मिळतील आणि नदीलाही श्वास.

मैल्याचेही तसेच. झोपडी बेकायदा म्हणून तिला गटार नाही. पण नाला तिची घाण घेताना कागद विचारीत नाही. तेव्हा प्रत्येक वस्तीच्या शौचकूपाला गटाराची जोडणी दिल्याखेरीज मिठी स्वच्छ होणे नाही. आणि ते गटार माणूस आत उतरवून साफ करता कामा नये. तशी कामे धोकादायक ठरवून २०१३ च्या कायद्याने त्यांना बंदी केली आहे. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला द्यावयाची दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तीस लाख केली. भरपाई वाढली याचा आनंद कसा मानावा? ती देण्याची पाळीच येऊ नये, यासाठी यंत्रे घ्यावयाची आहेत.

नदी वाचवायची की रोजगार, असा प्रश्न आपल्यापुढे नेहमी टाकला जातो. हा प्रश्न बहुधा नदीपासून दूर राहणारी माणसे विचारतात. ज्याचे पाय दिवसभर त्या पाण्यात आहेत, त्याला विचारा. पूर आला की प्रथम त्याचेच घर बुडते, लेप्टोचा ताप प्रथम त्याच्याच वस्तीत शिरतो. कोणत्या नळीतून रात्री काय सुटते हेही त्यालाच ठाऊक असते. तपासणीच्या समितीत त्याला खुर्ची द्या आणि बोलल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही अशी हमी द्या. नदीचा याहून चांगला पहारेकरी मुंबईला मिळणार नाही.