दहावी पिन का उभी राहते?

बोलिंग म्हटलं की आपल्या घरांत अजून बुमराहचाच विषय निघतो. पण मुलांच्या तोंडी हल्ली दुसरंही बोलिंग असतं, मॉलमधलं. लाकडासारखी गुळगुळीत लेन, टोकाला दहा पांढऱ्या पिना आणि हातात तीन भोकांचा जड चेंडू. बासी ईदला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पालघर, बोईसर, शिरगावकडची कुटुंबं लोकल पकडून मुंबईच्या बाजूला जातात, त्यात हा खेळ आता हमखास असतो. पैसे काही कमी लागत नाहीत. भाड्याचे बूटही घ्यावे लागतात. आणि मग नऊ पिना पडतात आणि उजव्या कोपऱ्यातली एक तशीच उभी राहते.

अशा वेळी अब्बू मागून ओरडतात, "जोर लाव!" नानी म्हणते, "नसीब!" मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. तरी एवढं सांगू शकते की ही दोन्ही उत्तरं पुरेशी नाहीत. ती पिन का राहिली, याचं कारण बहुतेक वेळा लेनवर डोळ्यांसमोर घडलेलं असतं.

आधी मोजमापं पाहू. फेकायच्या रेषेपासून पहिली पिन 60 फुटांवर असते. लेनची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास आणि तिच्यात 39 पट्ट्या. पिन 15 इंच उंच, वजन साधारण दीड किलोच्या थोडं वर. दोन शेजारच्या पिनांच्या मध्यांमधलं अंतर 12 इंच. चेंडू जास्तीत जास्त 16 पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलो. पिनांना नंबर आहेत: सर्वांत पुढे 1, तिच्या मागे 2 आणि 3, मग 4, 5, 6, आणि शेवटच्या ओळीत डावीकडून 7, 8, 9, 10.

आता गंमत बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने दहाच्या दहा पिना अगदी नीट पाडल्या, तर चेंडू स्वतः फक्त चार पिनांना लागतो: 1, 3, 5 आणि 9. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पाडलेल्या असतात. पहिली दोनला पाडते, दोन चारला, चार सातला. तिसरी सहाला पाडते, सहा दहाला. आठवी पडते पाचवीमुळे. म्हणजे कोपऱ्यातली दहा नंबरची पिन चेंडूच्या हातात नसतेच. ती सहाव्या पिनेवर अवलंबून असते.

हे समजायला मॉलमध्ये जायची गरज नाही, घरातला कॅरम बोर्ड पुरे. नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा, सोंगटी साधारण 5 ग्रॅमची. जड स्ट्रायकर सोंगटीवर आदळला तरी पुढे जात राहतो. पण एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर आदळली, तर पहिली जवळपास जागीच थांबते आणि दुसरी निघून जाते. सारख्या वजनाचे दोघे भिडले की सगळी ताकद एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात, 1969 मध्ये सुरू झालेल्या जुन्या अणुभट्ट्यांत, साधं पाणी याच कारणाने उपयोगी पडतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकाचं वजन न्यूट्रॉनएवढंच असतं, म्हणून त्याच्यावर आपटून न्यूट्रॉनचा वेग झपाट्याने उतरतो. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील बोईसरच्या कारखान्यांत कामाला आहेत, मुलं त्या केंद्राच्या बाजूने जातात-येतात, पण पुस्तकातली टक्कर आणि तिथली टक्कर एकच आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता वजनाकडे येऊ. सव्वासात किलोचा चेंडू पिनेच्या साडेचारपट जड. तो पहिल्या पिनेला लागून फार वाकडा होत नाही, आत घुसतो आणि पाचव्या पिनेपर्यंत पोहोचतो. मुलाच्या हातातला 8 पौंडांचा चेंडू 3.6 किलोचा, पिनेच्या जेमतेम सव्वादोनपट. तो पहिल्या पिनेला लागला की उजवीकडे ढकलला जातो, तिसरीला लागून आणखी भलतीकडे, आणि मधली पाचवी पिन तशीच राहते. कधी आठवी आणि दहावी राहते, मध्ये रिकामी जागा. चेंडू बरोबर ठिकाणी लागूनही असं होतं, म्हणून मूल रडकुंडीला येतं. त्यात त्याची चूक नसते. चेंडूत आत घुसण्याइतका दम नव्हता, एवढंच.

मग जोर लावावा का? हिशेब करून पाहा. ऊर्जा म्हणजे वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. 3.6 किलोचा चेंडू सेकंदाला 4 मीटर वेगाने गेला तर 29 ज्यूल. सात किलोचा 8 मीटरने गेला तर 224. जवळजवळ आठपट. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, हे खरं. पण जास्त जोरात फेकताना लहान मुलाचा नेम जातो, खांद्यालाही त्रास होतो. आणि चेंडू पहिल्या पिनेवर अगदी समोरून बसला तर तो मधून रस्ता काढत निघून जातो, दोन्ही बाजूंच्या पिना उभ्याच. बेताच्या वेगाने 1 आणि 3 यांच्या मधल्या फटीत टाकलेला चेंडू यापेक्षा जास्त पिना पाडतो. अब्बूंनी हे वाचलं तर बरं.

सर्वांत कमी बोललं जातं ते तेलाबद्दल. लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, बहुधा पहिल्या चाळीसेक फुटांवर, मध्ये दाट आणि कडांना विरळ. शेवटचे वीसेक फूट कोरडे. ओहोटीला शिरगावच्या किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ओल्या, घट्ट वाळूवर चेंडू सरसर जातो, वरच्या कोरड्या वाळूत त्याच हाताने टाकलेला चेंडू रुततो. लेनवरही तेच. तेलावर फिरकी दिलेला चेंडू घसरत जातो आणि आपली फिरकी राखून ठेवतो. कोरडा भाग आला की तो लेनला पकडतो, आत वळतो आणि मग लोळत पिनांत शिरतो. लवकर वळला तर वाटेतच दम खर्च होतो. तेल जास्त असेल किंवा वेग जास्त असेल तर वळायला जागाच उरत नाही. शिवाय खेळ चालू असताना प्रत्येक चेंडू थोडं तेल पुसून नेतो, म्हणून पहिल्या डावात चाललेली जागा तिसऱ्या डावात चालत नाही. कॅरमवर पावडर उडून गेली की स्ट्रायकर कसा अडखळतो, तसंच.

सराईत खेळाडूंचा चेंडू साधारण सहा अंशांच्या कोनात पिनांत शिरतो, तो उत्तम मानतात. मॉलमधला चेंडू कडक प्लास्टिकचा असतो, तो फारसा वळत नाही. सरळ टाकलेल्या चेंडूला, अगदी उजव्या कडेवरून टाकला तरी, दीड अंशाहून कमी कोन मिळतो. त्यामुळे टीव्हीवर शब्बीर धनकोटसारख्या, अनेकदा राष्ट्रीय विजेते ठरलेल्या खेळाडूचा चेंडू वळताना पाहून मुलांनी मनगट मुरगळण्यात अर्थ नाही. त्याचा चेंडूच वेगळा असतो.

आता परत दहाव्या पिनेकडे. आमच्या वर्गातली एक मुलगी, नववीतली, घरच्यांबरोबर गेली होती. तिला सामान सांभाळायला बसवलं होतं. भाऊ खेळत होते, ती सहाव्या पिनेकडे बघत बसली. परत आल्यावर तिने मला सांगितलं, "बाई, दहावी दोन प्रकारे राहते." कधी सहावी जोरात उडून दहाव्या पिनेच्या मानेला वळसा घालून जाते. कधी ती मरगळल्यासारखी बाजूच्या नाळीत आडवी पडते. पहिल्या वेळी मारा चांगला असतो, जागा केसभर चुकलेली असते. दुसऱ्या वेळी चेंडूतला दम आधीच संपलेला असतो. खेळाडूही असंच ओळखतात, हे तिला ठाऊक नव्हतं. हीच मुलगी मला महिनाभर आधी म्हणाली होती, की दहावीनंतर सायन्स आपल्याला जमणार नाही. तिच्या अम्मीला मी शाळेत बोलावून घेतलं आणि हा सगळा किस्सा ऐकवला. अम्मी म्हणाली, पुढच्या वेळी सामान भाऊ सांभाळेल.

जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. चेंडूवरचा आकडा पौंडांचा असतो. मुलाच्या वजनाचा दहावा भाग, हा ढोबळ अंदाज: 35 किलोच्या मुलीला 8 पौंडांचा. दोन-तीन पौंड कमी पडले तर चालेल, जड चेंडूने खांदा ओढला जाऊ नये. उजव्या हाताच्या मुलाने थोडं उजवीकडून 1 आणि 3 च्या मध्ये टाकावं. आणि दहावी राहिलीच, तर डावीकडे सरकून लेन तिरकी ओलांडत उजव्या कोपऱ्यात टाकायचं. इथे मॉलचा सरळ जाणारा प्लास्टिकचा चेंडूच कामाचा. मोठे खेळाडूही या एका पिनेसाठी पिशवीत असाच एक चेंडू ठेवतात.