मोबाइलच्या पडद्यावरचा तक्ता

कांद्याचे बाजारभाव हल्ली पुष्कळ मंडळी मोबाइलवरच पाहतात. तक्त्यात बहुधा सहा रकाने असतात : शेतमाल, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि शेवटी सर्वसाधारण दर. संगणकाच्या रुंद पडद्यावर ते ऐसपैस बसतात. मोबाइलवर मात्र शेवटचा रकाना पडद्याबाहेर जातो. मग शेतकऱ्याला दिसतो तो कमाल दर. तोच आजचा भाव समजून तो गाडी भरतो. आकडा खोटा नसतो, पण फसगत व्हायची ती होतेच.

असे का होते? वेबपान ज्या एचटीएमएल भाषेत बांधतात, तिच्यातला रकाना त्याच्या सर्वांत लांब शब्दाहून अरुंद होत नाही. 'सर्वसाधारण' हा शब्द काही मध्ये तुटत नाही. खाली नुसते १२०० असले तरी रकाना त्या शब्दाएवढाच रुंद राहतो. असे सहा रकाने सुमारे ३६० पिक्सेलच्या पडद्यात मावणार कसे? तेव्हा मथळे आधी आखूड करावेत.

कधी कधी तक्ता मावतो, पण अक्षरे मुंगीएवढी दिसतात. त्याचे कारण निराळे. पानात 'व्ह्यूपोर्ट'ची सूचना नसेल, तर मोबाइल ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो. शाळेचे वेबपान सांभाळणाऱ्या शिक्षकांनी ही एक ओळ आधी पाहावी.

मथळे आखूड करूनही तक्ता मावत नसेल, तर तो एका चौकटीत ठेवून चौकटीला 'ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो' हा नियम लावावा. पान जागेवर राहते, तक्ता तेवढा बोटाने सरकतो. पहिला रकाना 'पोझिशन : स्टिकी' आणि 'लेफ्ट : ०' यांनी डावीकडे खिळवावा, नाहीतर सरकवल्यावर आकडा कांद्याचा की लसणाचा, हेच कळायचे नाही.

दुसरी रीत 'मीडिया क्वेरी'ची. पडदा अरुंद असला की प्रत्येक ओळीचे वेगळे पत्रक होते आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा मथळा येतो. एका विद्यार्थ्याचे गुण पाहायला हे छान. पण पाच बाजारांचे भाव ताडून पाहायचे, तर वरखाली करता करता मागचा आकडा विसरतो, बरं का! शिवाय असे तुकडे केले की अंध व्यक्तीला पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला तो तक्ता आहे हेच कधी कधी उमगत नाही.

काहीजण जागेसाठी रकानेच लपवतात. मला ते मुळीच पसंत नाही. लपवलेला रकाना नेमका कुणाला हवा असेल, हे पान करणाऱ्याने कसे ठरवावे?