चेहऱ्याची जाण वाहणारा मज्जातंतू

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी सर्वांत जाड आहे. वैद्यकात तिचे नाव ट्रायजेमिनल नर्व्ह. तीन फांद्यांवरून मराठीत त्रिशाखी मज्जातंतू. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा स्पर्श, उष्ण-थंड आणि वेदना याच्यामार्फत मेंदूला कळतात आणि घास चावणारे स्नायूही हाच हलवतो. हसणे, आठ्या घालणे, पापणी मिटणे ही मात्र सातव्या, म्हणजे फेशियल मज्जातंतूची कामे आहेत. म्हणूनच फेशियल मज्जातंतू लुळा पडून तोंड वाकडे झालेल्या रोग्याला त्याच गालावर टाचणी टोचली तर ती नीट जाणवते. ही वाटणी चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांच्या १८२० च्या दशकातील प्रयोगांनंतर स्पष्ट झाली. त्याआधी चेहऱ्याची वेदना थांबवण्यासाठी शल्यचिकित्सक सातवा मज्जातंतू कापत. रोग्याचा चेहरा कायमचा वाकडा होई आणि वेदना जागच्या जागी राही.

मेंदूच्या देठातील पॉन्स या भागाच्या बाजूने त्रिशाखी मज्जातंतूची दोन मुळे निघतात. जाड मूळ संवेदनांचे, बारीक मूळ स्नायूंना हुकूम पोचवणारे. जाड मूळ कानशिलाच्या हाडाच्या आतल्या टोकावरील एका खळग्यात शिरते. या खळग्याचे वर्णन १७४८ मध्ये योहान मेकेल यांनी केले. तिथे चेतापेशींचा चंद्रकोरीसारखा पुंजका असतो. १७६५ मध्ये अँटोन हिर्श यांनी त्याला आपले गुरू गॅसर यांचे नाव दिले. या पुंजक्यातून तीन फांद्या फुटतात आणि कवटीच्या तीन वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

पहिली फांदी डोळ्याच्या खोबणीतून कपाळ, वरची पापणी आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत जाते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तिच्याच ताब्यात असतो. कापसाची बारीक वात त्याला टेकली की दोन्ही डोळे मिटतात. खबर पाचव्याने नेलेली असते, पापण्या सातव्याने मिटवलेल्या असतात. बेशुद्ध रोग्याच्या मेंदूचा देठ काम करतो आहे की नाही, हे डॉक्टर या साध्या चाचणीने पाहतात. कपाळावर नागीण उठते तीही बहुधा याच फांदीच्या वाटेने. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षे पुंजक्यात दबा धरून असतो; तो जागा झाला की फोड कपाळाच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबलेले दिसतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर नेत्रतज्ज्ञांकडे तातडीने जावे लागते, कारण शेंड्याकडे जाणारी बारीक डहाळी ज्या शाखेची, तिच्याच दुसऱ्या डहाळ्या डोळ्यात उतरतात.

दुसरी फांदी गाल, वरचा ओठ, टाळू, वरचे दात आणि गालफडाच्या हाडातील पोकळी सांभाळते. सर्दी त्या पोकळीत साठली की निरोगी वरच्या दाढा ठणकतात. खबर एकाच फांदीतून येत असल्याने ती नेमकी कुठून निघाली, हे मेंदूला उमगत नाही.

तिसरी फांदी खालचा जबडा, खालचे दात, हनुवटी आणि कानशिलाचा पट्टा पाहते. खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य जबड्याच्या आतल्या बाजूला, मागे इंजेक्शन देतात. थोड्या वेळाने ओठ सुजल्यासारखा जड वाटतो. आरशात पाहिले तर तो जसाच्या तसा असतो. जिभेची ती बाजूही बधिर होते, म्हणून बधिरता उतरेपर्यंत काही खाऊ नये असे सांगतात. स्नायूंना हुकूम देणारे बारीक मूळ याच फांदीत मिसळते. दात घट्ट आवळून कानशिलावर आणि जबड्याच्या कोपऱ्याजवळ बोटे ठेवली की टरारून वर येणारे स्नायू हातालाच लागतात. त्या कोपऱ्यावरची त्वचा मात्र पाचव्याच्या हद्दीत नाही. तिथली संवेदना मानेतून आलेला तंतू नेतो.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव सातवा नेतो, तिथले तिखट मात्र पाचवा. तिखट ही खरी चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवते, तोच चटका देणारी उष्णताही ओळखतो. म्हणून ठेच्याने तोंड भाजते म्हणतात, ते मज्जातंतूच्या दृष्टीने अगदी खरे आहे. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुदिन्याचा गारवा, मोहरीची नाकात जाणारी झणक आणि कांदा चिरताना डोळ्यांची होणारी आग, सगळे याच वाटेने जाते.

या मज्जातंतूचे सर्वांत भीषण दुखणे म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दात घासताना, चूळ भरताना, कधी गालावर नुसता वारा लागला तरी विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटे टिकते आणि पुन्हा येते. माणूस बोलायला, जेवायला धजावत नाही. कळ दाढेत वाटत असल्याने कितीतरी रोग्यांचे चांगले दात उपटले गेले आहेत. इंग्लंडमध्ये जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये या आजाराचे नेटके वर्णन केले. पुष्कळदा कारण यांत्रिक असते: मेंदूच्या देठाजवळ एखादी धमनी मुळावर टेकते आणि प्रत्येक ठोक्याला घासते. त्या जागी तंतूंवरचे वेष्टण झिजते आणि स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत उडी घेतो.

१९६० च्या दशकापासून कार्बामाझेपिन हे मुख्य औषध आहे. ते पुरले नाही, तर पीटर जॅनेटा यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया करतात. कानामागे छोटे छिद्र पाडून, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी अलगद बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा पुंजका ठेवतात. पूर्वी संवेदनांचे मूळच कापत. वेदना जाई, पण अनेकदा कॉर्नियाही बधिर होई. डोळ्यात गेलेला कण रोग्याला कळत नसे आणि बुबुळावर जखम वाढत जाई. धमनी बाजूला सारल्यावर कळ थांबते आणि बहुतेकांच्या डोळ्याला कण खुपण्याची जाण शाबूत राहते.