जिल्हा परिषद शाळेचे बांधकाम : आराखड्यापासून किल्ली सोपवेपर्यंत

गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, फॅब्रिकेशन, नळकाम व वायरिंग करणारे कारागीर आपल्या समाजात गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी काहीजण दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढून पुढे स्वतःच्या नावावर ठेका घेतात. पहिला सरकारी ठेका बहुधा लहान असतो. अंगणवाडी, ग्रामपंचायतीची खोली किंवा जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्या. हाताला कसब असते, माणसे असतात, तरीही पहिल्याच कामात भांडवल अडकून बसल्याची उदाहरणे कमी नाहीत. बांधकाम करणे आणि बांधकाम चालविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा उशिरा लक्षात येते.

यास्तव या लेखात आम्ही दोन खोल्यांच्या शाळेचे काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसे जाते ते पाहणार आहोत. ठेकेदाराला ते उपयोगी आहेच, पण शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांनाही ते माहीत असावे. आमचे सांगणे थोडक्यात असे की, मागच्या टप्प्याची तपासणी आणि लेखी नोंद झाल्याखेरीज पुढच्या टप्प्याला हात लावू नये. ठेकेदाराचे पैसे याच नियमावर सुरक्षित राहतात आणि छताखाली बसणारी मुलेही.

हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत पडले आणि सात मुलांचा जीव गेला. २००४ साली तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला की, सुरक्षित शाळा मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे.

मागणी, जागा आणि मंजुरी

शाळेत किती खोल्या हव्यात हे कोणाच्या मर्जीवर नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकाच्या कार्यालयासह भांडारखोली, मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजविण्यासाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आणि अपंग विद्यार्थ्यांना अडथळ्याविना आत येता येईल अशी वाट असावयास हवी. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे बंधन आहे. खोलीची मागणी या समितीच्या ठरावातून झाली तर तिला वजन येते.

त्यानंतर जागा पाहावी. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावे आहे? गावातील एखाद्या सद्गृहस्थाने जमीन दिली असेल तर बक्षीसपत्र नोंदविले आहे काय? तोंडी दानाच्या जमिनीवर जोते उभे राहते आणि पुढच्या पिढीतील वारस काम अडवितात. जुनी पडकी खोली पाडायची असल्यास तिचे आधी रीतसर निर्लेखन व्हावे लागते. ते झाल्याशिवाय पाडकामास हात लावणे म्हणजे सरकारी मालमत्तेचे नुकसान ओढवून घेणे. त्या काळात मुले कुठे बसणार याचीही सोय आधीच ठरली पाहिजे.

पुढे दोन मंजुऱ्या येतात आणि नवखे लोक त्यांत गल्लत करतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम आवश्यक आहे व त्यावर एवढा खर्च करण्यास हरकत नाही, असा निर्णय. तांत्रिक मंजुरी म्हणजे नकाशा व अंदाजपत्रक अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर आहे, असे सक्षम अभियंत्याने दिलेले मत. पहिली आली म्हणून काम मिळाले असे समजून सळई खरेदी करणारे आम्ही पाहिले आहेत. दोन्ही मंजुऱ्या, निधीची तरतूद, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश, हा क्रम मोडता येत नाही. कार्यारंभ आदेशापूर्वी केलेल्या कामाचे पैसे मागण्यास आधार नसतो.

निविदा भरताना

आपल्याकडे बी-१ नमुन्यात संपूर्ण अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी, कमी किंवा जास्त, भरतात. बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्र भरावा लागतो. टक्केवारीच्या निविदेत धोका अधिक असतो. शेजारच्याने १५ टक्के कमी भरले म्हणून आपण १८ टक्के कमी भरणे हा व्यापार नव्हे. ठरावीक मर्यादेपेक्षा दर खाली गेल्यास जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, म्हणजे नफा कमी आणि अडकलेली रक्कम जास्त.

दर भरण्यापूर्वी जागेवर जाऊन दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, माती. मराठवाडा व विदर्भातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या थराखाली घट्ट मुरुमापर्यंत नेला नाही तर दोन वर्षांत भिंती तडकतात. अंदाजपत्रकात खोदाई दीड मीटर धरली असेल आणि मुरूम अडीच मीटरवर लागत असेल, तर ते निविदेपूर्वी लेखी विचारावे. दुसरी गोष्ट म्हणजे वाट व पाणी. ट्रक शाळेपर्यंत जातो काय, एप्रिल-मे महिन्यात बांधकामाला व स्लॅबवर मारायला पाणी कुठून आणणार, टँकरचा खर्च कोणी सोसायचा?

हाती किती येणार

समजा, पहिले देयक जीएसटी वगळून १ लाख रुपयांचे झाले. ठेकेदार एकटा मालक असेल तर आयकरापोटी १ टक्का म्हणजे १,००० रुपये कापले जातात. करार अडीच लाखांवर असल्यास जीएसटीची २ टक्के उद्गम कपात म्हणजे २,००० रुपये. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला १ टक्का उपकर, १,००० रुपये. सुरक्षा अनामत ५ टक्के ठरली असे धरल्यास आणखी ५,००० रुपये. हाती आले ९१,०००. यांपैकी आयकर व जीएसटीची कपात पुढे हिशेबात वजा मिळते आणि अनामत मुदतीनंतर परत येते, पण शनिवारी मजुरांचा पगार वाटताना ती रक्कम खिशात नसते.

शासनाच्या बांधकाम ठेक्यावर १८ जुलै २०२२ पासून साधारणपणे १८ टक्के जीएसटी आहे. हा १८ टक्क्यांचा आकडा देयकात दिसतो म्हणून तो आपला नफा समजू नये. तो आपण सरकारसाठी जमा केलेला पैसा आहे. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा मिळतो, परंतु त्यासाठी प्रत्येक खरेदी पक्क्या बिलावर हवी. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या हिशेबाने दर काढणाऱ्यांनी तो नव्याने मांडून पाहावा.

आमचा सल्ला असा की, पहिले देयक मिळेपर्यंतचा संपूर्ण खर्च, म्हणजे पाया, जोते व त्यावरची मजुरी, स्वतःच्या भांडवलातून झेपत असेल तरच निविदा भरावी. व्याजाने पैसे उचलून सुरू केलेले काम देयक एक महिना लांबले की गळ्याशी येते.

झाकले जाणारे काम

आता जागेवरचा मुख्य भाग. इमारतीतील सर्वांत महत्त्वाचे काम पुढे कोणालाच दिसत नाही. पायाचा तळ मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, वायरिंगचे पाइप गिलाव्यामागे जातात. झाकल्यानंतर तपासायचे तर फोडावे लागते. म्हणून झाकण्यापूर्वी शाखा अभियंत्यास बोलवावे, मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्यावी, मोजपट्टी लावून छायाचित्र काढावे, मगच पुढे जावे. अभियंता त्या दिवशी आला नाही तर लेखी कळवून थांबावे. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण नोंद नसलेल्या पायाचे पैसे मागताना महिने जातात.

काही आकडे तोंडपाठ असावेत. काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ हे प्रमाण आहे. सर्वसाधारण परिस्थितीत सळईवर काँक्रीटचे आवरण पायात ५०, कॉलममध्ये ४० आणि स्लॅबमध्ये २० मिलिमीटर असावे. समुद्रकिनारी ते अधिक लागते व काँक्रीटही वरच्या प्रतीचे लागते, कारण खारी हवा सळईला गंज आणते. एम-२० चे काँक्रीट ठरावीक प्रमाणाने कालवताना ५० किलोच्या एका गोणीस ३० लिटरपेक्षा अधिक पाणी घालू नये. काँक्रीट सहज पसरावे म्हणून गवंडी एक बादली जास्त ओततो आणि तिथेच ताकद जाते.

दर वेळी काँक्रीट ओतताना १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासावे लागतात. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ घनमीटरला दोन, १६ ते ३० ला तीन, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. ठोकळ्यावर तारीख व जागा लिहावी. हा अहवाल देयकासोबत लागतो आणि उद्या कोणी तक्रार केली तर ठेकेदाराची ढालही तोच असतो.

सेंट्रिंग काढण्याची घाई सर्वांत घातक. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असल्यास टेकू ७ दिवस, त्याहून मोठा असल्यास १४ दिवस, तर ६ मीटरपेक्षा लांब बीमखालचे टेकू २१ दिवस ठेवावेत. हे दिवस साध्या सिमेंटचे झाले. राखमिश्रित सिमेंट सावकाश बळ धरते, त्याला अधिक अवधी द्यावा. वर्गखोली रुंद असल्याने बहुधा मोठाच आकडा लागू पडतो. सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर हव्यात म्हणून आठव्या दिवशी टेकू काढणाऱ्याला ठेकेदार म्हणू नये. पाणी साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कडक उन्हात किमान १० दिवस मारावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतील लोकांवर कोसळल्या होत्या. वरून भक्कम दिसणारी भिंत आतून एकमेकांना बांधलेली नसेल तर ती आधार ठरत नाही, हा त्याचा धडा. म्हणून कॉलमच्या रिंगांमधील अंतर आणि त्यांची आत वळविलेली टोके नकाशाप्रमाणेच ठेवावीत. रिंगांमध्ये वाचविलेले चार किलो लोखंड ही बचत नव्हे.

बदल, मुदत आणि पावसाळा

काम चालू असता सरपंच म्हणतात, "व्हरांडा थोडा वाढवा." मुख्याध्यापक म्हणतात, "एक खिडकी इकडे घ्या." मान राखून ऐकावे, परंतु लेखी आदेशाशिवाय वीटही हलवू नये. अंदाजपत्रकात नसलेली ती जादा बाब आणि ठरलेल्याहून जास्त झालेले ते वाढीव परिमाण. दोहोंना आधी मंजुरी लागते.

वेळापत्रक शाळेच्या वर्षाकडे पाहून आखावे. निधीची लगबग मार्चअखेरीस, सुट्टी मे महिन्यात आणि पाऊस जूनमध्ये. पाऊस पडण्यापूर्वी निदान जोते पूर्ण होऊन भराव दाबला गेला पाहिजे, अन्यथा खड्ड्यांत पाणी साठून पायाचा तळ सैल होतो. जागा उशिरा ताब्यात मिळाली वा अतिवृष्टीने काम थांबले तर त्याच आठवड्यात पत्र द्यावे. मुदत संपल्यावर कारणे सांगत बसले की दंड लागतो. शाळा भरलेली असताना काम चालणार असेल तर पत्र्याचे कुंपण, झाकलेले खड्डे आणि मधल्या सुट्टीत मालाची ने-आण बंद, एवढे तरी पाळावेच.

शेवटचा टप्पा

रंग लागला की काम संपले असे नव्हे. गच्चीवर पाणी साठवून गळती पाहावी. स्वच्छतागृहात नळाला पाणी येते काय, वीज जोडली काय, उताराचा रस्ता १ फूट उंचीला निदान १२ फूट लांब आहे काय, हे मुख्याध्यापक व समितीसमोर तपासावे. त्यानंतर अंतिम मोजमाप, पूर्णत्वाचा दाखला, किल्ल्यांची पोच आणि अंतिम देयक. पुढे दोष दुरुस्तीची मुदत चालू राहते. या काळात तडा वा गळती आढळली तर स्वखर्चाने दुरुस्त करावी लागते आणि मगच अनामत सुटते. 'अनामत' हा शब्द आला आहे 'अमानत' वरूनच.

समितीतील पालकांनीही मंजूर नकाशा व अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी, स्लॅब पडण्याच्या दिवशी दोघांनी हजर राहावे आणि सेंट्रिंग काढण्याची तारीख लिहून ठेवावी. त्यात ठेकेदाराने अपमान मानू नये. चांगले काम करणाऱ्याला साक्षीदार असलेला बराच. पहिला ठेका घेणाऱ्या तरुणांनी शंभर पानी वही विकत घ्यावी आणि त्यात रोजचे मजूर, आलेला माल, झालेले काम व भेट दिलेल्या अधिकाऱ्याची सही, इतके नियमाने लिहावे. दोन खोल्यांचे काम अशा रीतीने वेळेत उरकले तर पुढची निविदा भरताना त्या कामाचा पूर्णत्वाचा दाखलाच आपले मोठे भांडवल ठरतो.