एका ग्रॅमचा सातवा हिस्सा

138.6 मिलिग्रॅम. एका ग्रॅमचे सात भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही हे किंचित कमीच भरते. सेमाग्लुटाइड नावाचे औषध आठवड्यातून एकदा, मात्रा हळूहळू वाढवत 68 आठवडे टोचले, तर शरीरात गेलेल्या साऱ्या औषधाचे वजन एवढेच होते. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1,961 माणसे होती. त्यांचे सरासरी वजन 105.3 किलो. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 15.3 किलोंनी उतरले. भागाकार करून पाहा: औषधाच्या वजनाच्या तब्बल एक लाख दहा हजार पट! ज्यांना औषधाविना नुसतीच सुई टोचली, त्यांनाही आहार आणि व्यायामाचा सल्ला तोच होता. त्यांचे वजन 2.6 किलोंनी घटले.

जाड माणसाला आपण काय काय ऐकवतो ते आठवा. तोंडावर ताबा नाही, आळशी आहे, मनावर घेत नाही. सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता, मग फरक मनोनिग्रहाचा कसा असेल? फरक होता पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या रसायनाचा, आणि त्याचे माप मिलिग्रॅममध्ये आहे. लठ्ठपणा हा स्वभावदोष नसून आजार आहे, हे एवढा लहानसा आकडा सांगून जातो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात बसून हे वाचताना शंका येणारच: चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लठ्ठपणाचे काय काम? इथला ओळखीचा शब्द कुपोषण. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी महाराष्ट्राबद्दल दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते. 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 20.8 टक्के प्रमाणाबाहेर बारीक, आणि 23.4 टक्के प्रमाणाबाहेर जाड. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 86 गावांत मृत्यूंच्या कारणांची नोंद ठेवली. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण निघाले पक्षाघात: 14.3 टक्के. ज्याला आपण शहरी माणसाचा आजार म्हणतो, तो धानाच्या बांधावर केव्हाच पोहोचला होता. पक्षाघातामागे सर्वांत मोठा हात रक्तदाबाचा, आणि रक्तदाब वाढवणाऱ्या गोष्टींत वाढते वजन पुढच्या रांगेत आहे.

देशाचे आकडे याहून मोठे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023च्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही, 25.4 कोटी लठ्ठ, आणि पोटावर चरबी साठलेले 35.1 कोटी. जगात 2022मध्ये लठ्ठ प्रौढ 89 कोटी होते.

एवढी चरबी साठते कशी? दिवसाला 2,500 कॅलरी खाणारा माणूस वर्षाला नऊ लाखांहून अधिक कॅलरी रिचवतो. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे वर्षाला एक किलो वाढायला हिशेबाने रोजच्या 21 कॅलरी पुरतात: चहातली चमचाभर साखर. नऊ लाखांच्या जमाखर्चात एक टक्काही चूक न करणारे शरीर वर्षभरात किलोभर चरबी साठवून बसते. इतका बारीक हिशेब कोणी ताटाकडे पाहून ठेवू शकत नाही. तो मेंदू ठेवतो, आतड्यांतून आणि चरबीतून येणाऱ्या निरोपांवर.

आणि साठलेली चरबी सहजी जात नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2008मध्ये दाखवले, की मोठ्या माणसाच्या शरीरातल्या चरबीच्या पेशींची संख्या जवळपास कायम राहते. दरवर्षी सुमारे 10 टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. शस्त्रक्रियेने वजन खूप उतरलेल्या माणसांतही दोन वर्षांनी पेशींची संख्या तेवढीच होती, फक्त त्या आकसल्या होत्या. म्हणून उतरलेले वजन पुन्हा चढते, आणि म्हणून या आजाराचा उपचार पंधरवड्याचा नसतो.

उपचाराची पहिली पायरी ताट आणि चालणे. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ही पायरी आकड्यांतच बांधून दिली: दिवसात दोनच जेवणे, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. तिची मूळ प्रेरणा विदर्भातल्याच डॉ. श्रीकांत जिचकारांची. औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणे तोडू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते. थोडेसे वजन उतरल्यानेही किती फरक पडतो, हे अमेरिकेतल्या 2002च्या मोठ्या अभ्यासात दिसले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना वजन 7 टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट दिले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. गुडघ्यांचा हिशेब तर थक्क करतो. एक किलो वजन उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. किलोमीटरभर चालताना एक गुडघा सुमारे 750 वेळा भार पेलतो. दहा किलो उतरले, तर दर किलोमीटरला त्या गुडघ्यावरून तीस टन उतरतात: माजरीच्या खाणीतून भरून निघालेल्या कोळशाच्या ट्रकाएवढे. दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी पायरी औषधांची. जेवल्यावर आतडे जीएलपी-1 नावाचे संप्रेरक सोडते, ते मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगते. पण दोनच मिनिटांत त्याचा निम्मा अंश नाहीसा होतो. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत डॉ. जॉन एंग यांना 1992मध्ये त्याच धर्तीचा, पण जास्त टिकणारा रेणू सापडला. त्यातून 2005मध्ये पहिले औषध बाजारात आले. आजच्या सेमाग्लुटाइडचा निम्मा अंश जायला सुमारे सात दिवस लागतात. दोन मिनिटांची 10,080 मिनिटे झाली, म्हणजे पाच हजार पट! नंतर आलेल्या टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने 72 आठवड्यांत सरासरी 20.9 टक्के वजन उतरले.

पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही चाचणीतच दिसले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे. आणि किंमत? मार्च 2025मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आले तेव्हा 5 मिलिग्रॅमच्या एका कुपीला 4,375 रुपये पडत. रोजगार हमीची 2025-26ची महाराष्ट्रातली मजुरी होती रोज 312 रुपये. आठवड्याच्या एका टोचणीला 14 दिवसांची मजुरी. वर्षभराच्या औषधाला 729 दिवसांची, आणि वर्षात दिवस 365. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026पर्यंतची होती. ती संपल्यावर देशी कंपन्यांना वाट मोकळी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यासाठी ती तारीख कुठल्याही नव्या शोधाइतकी मोलाची आहे.

औषध आणि शस्त्रक्रिया यांच्या मध्ये फुग्याचा उपाय आहे. दुर्बिणीतून जठरात फुगा सोडून त्यात 400 ते 700 मिलिलीटर द्रव भरतात आणि साधारण सहा महिन्यांनी तो काढतात. काढल्यावर सवयी बदललेल्या नसतील तर वजन परत येते.

मग शस्त्रक्रिया. जठरात एक ते दीड लिटर अन्न मावते. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत त्याचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात, उरतो तो 100 ते 150 मिलिलीटरचा नळीसारखा भाग. ‘बायपास’मध्ये वरची जेमतेम 30 मिलिलीटरची पिशवी थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जागा कमी होते एवढाच शस्त्रक्रियेचा परिणाम नाही. भूक जागवणारे घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघतो. वजन 25 ते 30 टक्क्यांनी उतरते. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या सुमारे दोन-दोन हजार रुग्णांचा पाठपुरावा अनेक वर्षे झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सरासरी तीन वर्षांनी जास्त भरले. नागपूरचे नितीन गडकरी यांनी 2011मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. जगात वर्षाला सुमारे सहा लाख अशा शस्त्रक्रिया होतात. 89 कोटींना त्याच गतीने शस्त्रक्रियेने बरे करायचे म्हटले, तर जवळपास दीड हजार वर्षे लागतील. म्हणून कोणाला काय हवे, हे नीट निवडावे लागते.

160 सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फूट उंचीची बाई घ्या. भारतीय निकषाने 64 किलोंना लठ्ठपणा सुरू होतो. मधुमेह किंवा रक्तदाब सोबत असेल तर साधारण 69 किलोंपासून, नसेल तर 77 किलोंपासून औषधाचा विचार होतो. सोबतचे आजार असतील तर शस्त्रक्रियेचा विचार भारतीय शल्यविशारद पूर्वापार 83 किलोंपासून आणि नसतील तर 96 किलोंपासून करत आले. नव्या शिफारशींनी हे आकडे आणखी खाली आणले. आरोग्य विम्याच्या नियमांत मात्र हीच रेषा जवळजवळ 90 आणि 102 किलोंवर आहे.

शस्त्रक्रिया एक-दोन तासांची, पण त्यानंतरची काळजी जन्मभराची. लोह, बी-12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायम घ्यावे लागते, रक्त तपासत राहावे लागते. ज्या राज्यात 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे हे विसरून चालणार नाही. वरोऱ्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. शस्त्रक्रियेसाठी तिथे एकदा जाता येईल, पण दर काही महिन्यांच्या तपासणीची सोय तालुक्यातच हवी. ती असेल, तरच इथल्या माणसाला शस्त्रक्रिया सुचवण्यात अर्थ आहे.

याच वरोऱ्यात बाबा आमट्यांनी 1949मध्ये महारोगी सेवा समिती उभी केली, तेव्हा कुष्ठरोग हे पापाचे फळ मानले जाई. आजाराचा दोष रोग्याच्या माथी मारायचा नाही, हे या गावाने देशाला दाखवले आहे. जाड माणसालाही तोच न्याय द्या.

वाचकांना विनंती एवढीच, की मापाची फीत घेऊन आज कंबर मोजा. पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ओळखीच्या माणसाने किंवा जिममध्ये कोणी दिलेले इंजेक्शन घेऊ नका. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: माझ्यासाठी कोणती पायरी, वर्षाचा खर्च किती, उपचार थांबवला तर काय होईल, आणि पुढची तपासणी माझ्या तालुक्यात होईल का? चारही उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याच कागदावर सही करू नका.